परक्या टीमसाठी धरलेले शनिवार

क्रिकेट सोडून दुसरा खेळ ज्याने जन्मात बघितला नाही, असा चाळिशी ओलांडलेला माणूस अचानक फुटबॉलबद्दल बोलायला लागला, तर त्याच्या बायकोने काय समजावं? मी समजायचं ते समजले. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तेव्हा आम्ही दोहातल्या नजमामध्ये राहायचो. जुनी इमारत, खाली न्हाव्याचं दुकान आणि एका केरळी माणसाचा कॅफेटेरिया, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही तिघं: मी, नवरा आणि नववीतली आमची मुलगी. नवरा मेसईदच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. कंपनीची बस त्याला पहाटे कोपऱ्यावरून उचलायची आणि संध्याकाळी तिथेच आणून सोडायची. सुट्टी पूर्वी गुरुवार-शुक्रवार असायची, ती नुकतीच शुक्रवार-शनिवार झाली होती. शनिवारी घरात असलेला नवरा ही माझ्यासाठी नवीनच चैन होती, आणि तो पुरता माझ्या वाट्याला यायच्या आत इंग्लंडने पळवला.

ऑगस्टमधली गोष्ट. बाहेर अंगाची काहिली होत होती. शनिवारी संध्याकाळी हा अर्धा चहा टाकून उठला आणि शर्ट बदलायला लागला.

"कुठे निघालात?"

"जरा रूमवर जाऊन येतो. मॅच आहे."

रूम म्हणजे दोन गल्ल्या पलीकडची बॅचलर खोली. त्याच्या डिपार्टमेंटमधली आपल्याकडची माणसं तिथे एकत्र राहायची, कुणी सोलापूरचा, कुणी नगरचा, एक फिटर कुडाळचा.

"आज भारताची मॅच नाही," मी म्हणाले. क्रिकेटचं वेळापत्रक मला त्याच्यापेक्षा जास्त पाठ असायचं.

"फुटबॉलची आहे," तो म्हणाला आणि चपला घालून गेलासुद्धा.

परत आला तो तोंड पाडून. जेवायला बसल्यावर मुलीला म्हणतो, "टेबलमध्ये आपण कितवे आहोत ते जरा कॉम्प्युटरवर बघशील का गं?" मी तव्यावरची पोळी उलटायची विसरले. आपण म्हणजे कोण?

आमची मुलगी मराठी सगळं समजायची, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. टेलिफोनच्या तारेवर चालणारं ते इंटरनेट करकर करत लागलं आणि तिने बापाकडे वळून बघितलं. "बाबा, दे आर नॉट इव्हन इन द टॉप लीग!" मग मला समजावून सांगितलं. इंग्लंडात वरची एक लीग असते, सगळं जग बघतं ती. तिच्या खाली दुसरी फळी. बाबांची टीम या दुसऱ्या फळीतली. वर्षअखेर पहिल्या दोन टीम सरळ वरच्या वर्गात जातात, आणखी एक मारामारी करून जाते, आणि तळाच्या तिघी खालच्या वर्गात जाऊन बसतात.

माझा संशय दुप्पट झाला. नजमातली शेंबडी पोरं वरच्या लीगमधल्या मोठमोठ्या टीमचे शर्ट घालून गल्लीत हिंडायची. फुटबॉलचंच वेड लागलं असतं, तर या माणसाला त्यातली एखादी टीम मिळाली नसती का? ही कुठली निळ्या पट्ट्यांची टीम? गाव म्हणे इंग्लंडच्या उत्तरेला, आमच्या इचलकरंजीसारखं कापडगिरण्यांचं. मुलीच्या ॲटलासमध्ये मी ते शोधलं. सापडलं नाही. दुसऱ्या फळीतल्या टीमसाठी कोणी चहा अर्धा टाकत नाही. टाकत असेल, तर त्याचं कारण फुटबॉल नाही.

खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडची भाभी राहायची. माझं मन मोकळं करायची ती एकच जागा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि लसूण सोलता सोलता म्हणाली, "अगो बाय, मरद मानूस खेलाच्या नादी लागला तं बराच हाय. दुसऱ्या कुनाच्या नादी लागन्यापेक्षा!" दुसऱ्या कुणाच्या, हे शब्द तिने उगीच काढले असतील का? तिला काही माहीत आहे का? जिना चढून वर येईपर्यंत मी भाभीवरही संशय घेऊन मोकळी झाले.

मग एका शनिवारी मी शेंगदाण्याची चटणी केली, डबा भरला आणि नवरा गेल्यावर थोड्या वेळाने त्या खोलीवर गेले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात, तसंच होतं ते. चटणी द्यायला कोणी दोन गल्ल्या चालत जातं का, त्या उन्हात? दार उघडंच होतं. आत दुमजली लोखंडी पलंगांवर सहासात बाप्ये दाटीने बसले होते आणि मध्ये स्टुलावर एक रेडिओ खरखरत होता. कोणीतरी इंग्रज घाईघाईने बोलत होता, निम्मं आवाजात आणि निम्मं वाऱ्यात. माझा नवरा दाताने नखं कुरतडत होता. घरात त्याला मी कधी नखं खाताना बघितलं नव्हतं.

बाई नव्हती. पत्ते नव्हते, बाटली नव्हती. एवढं सगळं नसूनही माझं समाधान झालं नाही. देवळात पुराण चाललेलं असताना असतात तशी ती माणसं गप्प होती. खेळ ऐकताना माणूस ओरडतो, शिव्या देतो. ही माणसं कशाची तरी वाट बघत होती.

घरी आल्यावर मी त्याला धरलं. "खरं सांगा. नाहीतर उद्या तुमच्या बसमध्ये बसून मेसईदला येते आणि तिथे विचारते."

तो मला ओळखून होता. एरवी गप्प बसलाही असता, पण मी खरंच आले असते. त्याने सांगून टाकलं.

उन्हाळ्यात त्यांच्या डिपार्टमेंटला नवा साहेब आला होता, इंग्रज. कंपनी माणसं कमी करणार होती. पुढच्या जूनअखेरीला ज्यांची कॉन्ट्रॅक्ट संपत होती, त्यांतल्या कोणाला ठेवायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, ते हा साहेब ठरवणार. माझ्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट त्याच जूनमध्ये संपत होतं. आणि एप्रिलमध्ये आमची मुलगी दहावीत जाणार होती. म्हणजे कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही, तर दहावीचं वर्ष सुरू झाल्यावर अडीच-तीन महिन्यांत तिला उचलून गावी, सांगलीला न्यायचं. दहावीच्या पोरीला मध्येच कुठली शाळा दारात उभी करते?

"आणि यात फुटबॉल कुठून आला?" मी विचारलं.

साहेबाच्या टेबलावर एक मग होता. त्यावर त्या निळ्या पट्ट्यांच्या टीमचं चिन्ह. कुडाळच्या फिटरने ते सगळ्यांत आधी हेरलं. त्यानेच असंही ताडलं की ती टीम शनिवारी जिंकली की रविवारी साहेब गोड बोलतो, रजेच्या अर्जावर न वाचता सही करतो. आणि हरली की दारातूनच हाकलतो. मग या माणसांनी एक रीत पाडली. कॉन्ट्रॅक्टचं विचारायला एका वेळी एकानेच आत जायचं, आणि तेही टीम जिंकली त्याच्या दुसऱ्या दिवशी. कोकणात देवाला पाकळ्या लावून कौल घेतात ना, तसा हा त्यांचा कौल. जिंकली म्हणजे उजवा. हरली म्हणजे डावा. ड्रॉ झाली म्हणजे पाकळी पडलीच नाही, देव बोलला नाही, पुढच्या शनिवारपर्यंत थांबा.

मी हसले नाही. वेडगळपणा आहे हे मला कळत होतं. पण फिटर सप्टेंबरमध्ये एका उजव्या कौलानंतर आत गेला आणि दोन वर्षं वाढवून घेऊन बाहेर आला. तो पुढे आमच्याकडे पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याची उलटतपासणी घेतली. साहेबाला काजूबिजू नेऊन दिले होते का? त्याने कानाला हात लावला. "वहिनी, कौल घेतल्याशिवाय आमी खयचाच काम करनव नाय. काजू कित्याक देव?" त्याच्यानंतर सोलापूरवाला गेला. त्यालाही मिळालं. आता माझ्या नवऱ्याच्या आधी फक्त एक जण उरला होता.

तेव्हा मी शनिवार धरले. मारुतीचा वार, आणि फुटबॉलचाही. सकाळी अंघोळ, देव्हाऱ्यापुढे तेलाचा दिवा, दिवसभर साबुदाणा नाहीतर शेंगदाण्याचा लाडू, आणि रिझल्ट कळल्याशिवाय जेवायचं नाही. मारुतीला मी स्पष्ट सांगितलं होतं की मला त्या गिरणगावचं काही देणंघेणं नाही, मला माझ्या मुलीची दहावी हवी आहे, आणि ती त्यांच्या पायात अडकली आहे. रमजानात भाभीचे रोजे आणि माझा शनिवार एकाच दिवशी आले. मगरिबची अजान झाली की ती आमच्यासाठीही दुआ मागून खजूर तोंडात टाकायची आणि वर बघून मला हाक मारायची, "काय गो, तुजा सुटला काय?" माझा सुटायचा नाही. तिकडे मॅच अजून सुरूही झालेली नसायची.

आणि सांगते, हळूहळू मला तो खेळ कळायला लागला. मुलीने शनिवारी संध्याकाळी कॉम्प्युटर माझ्या ताब्यात दिला. दर थोड्या वेळाने एक बटण दाबायचं की आकडा बदलायचा, नाहीतर तसाच राहायचा. कोणत्या टीमने खाली यावं म्हणजे आपण वर जाऊ, हे मी भाजी निवडता निवडता सांगू शकायचे. संशयी माणसाला फुटबॉलसारखा खेळ नाही. पंचावर संशय घेता येतो. गोलकीपरवर घेता येतो. आमचा गोलकीपर शेवटच्या मिनिटाला हमखास माती खायचा, आणि तो मूळचा कुठला, त्याची सासुरवाडी दुसऱ्या टीमच्या गावात आहे की काय, हे शोधायला मी मुलीला सांगितलं होतं. ती पोट धरून हसली होती. "आई, यू आर मॅड," म्हणाली. पण शोधलं तिने.

डिसेंबरमध्ये आमच्या टीमने कोणाला तरी चार गोलांनी धुतलं. असला कौल वर्षातून एकदा मिळतो. नवऱ्याच्या आधीचा माणूसही तोवर आत जाऊन आला होता, आता पाळी याची. त्या रविवारी सकाळी मी त्याला दही-साखर हातावर ठेवूनच बसकडे पाठवलं. दिवसभर माझं लक्ष घड्याळाकडे. संध्याकाळी तो आला तेव्हा मी दारातच होते आणि, मला आठवतं, त्याला बूट काढायच्या आधीच सांगितलं की आज टेबलमध्ये आपण पाचवे आहोत आणि पुढच्या दोन मॅच घरच्या मैदानावर आहेत.

"काय म्हणाला साहेब?"

"भेटलाच नाही," तो म्हणाला. "दिवसभर मीटिंगमध्ये होता. पुढच्या वेळी विचारतो."

माझा संशय साहेबावर गेला. ऐन वेळेला मीटिंग कशी निघते? बघून घे म्हणावं, पुढच्या शनिवारी. पण पुढच्या वेळी साहेब रजेवर होता. त्याच्या पुढच्या वेळी शटडाउनचं काम निघालं. मग टीमच हरायला लागली. फेब्रुवारी सगळा डावा कौल. पाचवरून दहावर आले. मी उपवास कडक केला, साबुदाणाही सोडला, नुसतं ताक. नवरा म्हणायचा, "अगं, इतकं नको करूस," आणि त्याच्या आवाजात काहीतरी असायचं. मी त्याचा अर्थ लावला की याला विचारायची भीती वाटते. तो मुळातच तसा. बाजारात टोमॅटो नासका निघाला तरी परत द्यायला मीच जायचं. मी त्याला एकदा फाडकन बोललेही, "कौल लावणाऱ्याला उत्तर ऐकायची छाती लागते!" त्याने मान खाली घातली आणि तो शनिवारचा रूमवर लवकर निघून गेला. हल्ली तो मॅचच्या बराच आधी निघायचा. तेही मी टिपून ठेवलं होतं.

मार्चमध्ये टीम सावरली. एप्रिलमध्ये मुलीचे दहावीचे वर्ग सुरू झाले. तिची नवी पुस्तकं मी कव्हरं घालून ठेवली. जून दिसायला लागला होता आणि साहेबाला आमचं अजून कोणी विचारलं नव्हतं. मला झोप लागेना. स्वतःशी ठरवलं, की हा विचारत नसेल तर मी विचारणार.

संधी लगेच आली. कंपनीचा फॅमिली डे होता, मेसईदच्या कॉलनीतल्या क्लबवर, शनिवारी दुपारी. हिरवळ, मुलांच्या शर्यती, एका बाजूला मोठ्या शेगड्यांवर कबाब. क्लबच्या हॉलमध्ये टीव्ही होता, आणि योग असा की त्या दिवशी दुपारी आमचीच मॅच टीव्हीवर होती. वर्षभर ज्यांना मी आकड्यांत बघत होते ती माणसं पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली. गोलकीपर अगदीच पोरगेला निघाला, मोठ्या कानांचा. त्याच्याबद्दल मी काय काय बोलले होते ते आठवून मला जरा लाज वाटली.

डिपार्टमेंटची सगळी माणसं टीव्हीपुढे उभी होती आणि सगळ्यांचं अर्धं लक्ष उघड्या दारातून बाहेर. तिथे साहेब होता. गोरापान, उंच, डोक्यावर कापडी टोपी, हातात चिमटा, स्वतः कबाब उलटत होता. आमच्या टीमने पहिला गोल केला तेव्हा हॉलमध्ये केवढा गलका झाला! सगळ्यांनी दाराकडे बघितलं. साहेबाने मान वळवली नाही. कबाब उलटला.

मी मात्र त्याच्यावरची नजर काढली नाही. आपला मुलगा परीक्षेत पास झाला आणि शेजारी ओरडून सांगतायत, तरी बाप कांदा चिरत बसतो का? पलीकडे त्याची बायको सरबताच्या टेबलापाशी उभी होती. मी तिच्याकडे गेले. माझं इंग्रजी मोडकं, पण अडत नाही.

"सरांची टीम जिंकतेय," मी म्हणाले.

"कुठली टीम?" तिने विचारलं.

"ती. टीव्हीवरची. सरांच्या मगवरची."

तिला आधी कळेचना. मग ती इतकी हसली की ग्लास खाली ठेवला. तो मग त्यांचा नव्हताच. आधीच्या साहेबाने कपाटात सोडलेला. हे आले तेव्हा पेनं ठेवायला काही नव्हतं म्हणून टेबलावर आला. हिच्या नवऱ्याला फुटबॉल अजिबात आवडत नाही. ती म्हणाली, सुट्टीचे दोन्ही दिवस तो फक्त झाडांना पाणी घालतो.

माझ्या पायाखालची वाळू सरकली. माझे शनिवार, भाभीची दुआ, दही-साखर, सगळं एका पेनं ठेवायच्या मगपायी! पण मी रडत बसणाऱ्यांतली नाही. कौल खोटा तर खोटा. म्हणजे विचारायला आता कुठल्याच शनिवारची गरज नव्हती. मी एक रिकामी डिश उचलली आणि थेट शेगडीपाशी गेले.

"सर," मी म्हणाले, आणि नवरा कोण ते सांगितलं. "माझी मुलगी दहावीत आहे. जूनमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. प्लीज, तुम्ही काय ठरवलंय?"

साहेबाने चिमटा बाजूला ठेवला. तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा लाल होत गेला, शेगडीने झाला असेल असं मला आधी वाटलं.

"मॅडम, त्याने तुम्हाला सांगितलं नाही?"

मग तो हळू आवाजात बोलला. ख्रिसमसच्या आधीच एका रविवारी त्याने माझ्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं. जागाच रद्द झाली होती, ती त्याच्या हातात नव्हती. इथे दुसऱ्या कंपनीत जायला आधीच्या कंपनीचं सोडपत्र, रिलीज, लागतं; तेही मिळवायचा त्याने प्रयत्न केला, वरून नाही आलं. तो दोनदा सॉरी म्हणाला. माझ्या डिशमध्ये त्याने कबाब ठेवले. त्या दिवशी माझा उपवास होता हे त्याला कुठून माहीत असणार.

हॉलमध्ये दुसरा गोल झाला. मी वळून बघितलं. माझा नवरा दोन्ही हात वर करून उड्या मारत होता, फिटरच्या गळ्यात पडत होता, आणि त्याचा चेहरा लग्नातल्या फोटोतही नव्हता इतका आनंदी होता. चार महिने याला सगळं माहीत होतं. माहीत असून हा मला ताकावर ठेवत होता. मला इतका राग आला की ती डिश मी त्याच्यावर फेकली असती. लोक होते म्हणून गवतावर ठेवली.

परतीची बस संध्याकाळी निघाली. मुलगी माझ्या शेजारी खिडकीत बसली आणि थोड्याच वेळात माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. नवरा मधली वाट सोडून पलीकडच्या सीटवर होता. मी त्याच्याकडे झुकून म्हणाले, "साहेबाशी बोलले मी."

त्याने विचारलं नाही काय बोललीस म्हणून. बाहेर रस्त्याकडेच्या पाइपांकडे बघत राहिला.

"डिसेंबरपासून," मी म्हणाले. "लाज नाही वाटली?"

"त्याच दिवशी सांगणार होतो," तो म्हणाला. "दारात आलो तर तू पाचवे आहोत म्हणून सांगायला लागलीस. तुझा चेहरा बघून जीभच उचलेना." मग म्हणाला, "शनिवारी लवकर निघायचो ते लोकांना भेटायला. कुठे काही जमतं का बघायला. दोन ठिकाणी घ्यायला तयार होते. पण रिलीज नाही म्हटल्यावर खलास."

म्हणजे माझा संशय खराच होता. ऑगस्टपासून मी म्हणत होते. फक्त मी त्याच्या शर्टाचे वास घेत होते, गोलकीपरची सासुरवाडी शोधत होते, आणि तो दुपारच्या उन्हात नजमातल्या ऑफिसांचे जिने चढत होता. माझा राग कुठेतरी अडकला आणि तिथेच राहिला. एकच गोष्ट आता महत्त्वाची होती.

"हिचं काय?" मी मुलीकडे बघून विचारलं. "हिची दहावी? हिला कोण सांगणार?"

बस एका गोलचक्करला वळली, तिघंही एका बाजूला कललो.

"तिला माहीत आहे," तो म्हणाला. "जानेवारीत सांगितलं मी. शाळेचं बघायला हवं होतं ना. तिनेच इंटरनेटवर सांगलीच्या शाळा शोधल्या, तिनेच त्यांना लिहिलं. एक शाळा जुलैमध्ये घ्यायला तयार आहे. इथलाच अभ्यासक्रम."

ज्या पोरीसाठी मी शनिवारी ताकावर राहत होते, ती पलीकडच्या खोलीत बसून स्वतःची शाळा शोधत होती, आणि मध्येच येऊन मला स्कोअर सांगून जात होती.

"मग मला सांगायचं काय बिघडलं होतं? घरात मीच एक परकी होते का?"

"मी तिला म्हटलं होतं, आईला सांगू या." त्याने आवाज आणखी खाली आणला. "ती म्हणाली, नको बाबा. सीझन संपू दे. आई शनिवारी किती खूश असते. इथे आल्यापासून पहिल्यांदाच."

बसमधला एसी अंगावर येत होता. मी पदर सोडवून मुलीच्या खांद्यावरून घातला. घालताना माझा हात तिच्या गालाला लागला आणि तो ओला लागला. तिच्या पापण्या घट्ट मिटलेल्या होत्या, झोपलेल्या माणसाच्या नसतात तितक्या. ती जागी होती आणि सगळं ऐकत होती.

खोटं बोलणाऱ्याला मी आयुष्यात कधी सोडलं नव्हतं. त्या संध्याकाळी नजमा येईपर्यंत मी जराही हलले नाही, तिची झोप मोडू नये म्हणून.